पेशीला पुरे झालं हे कोण सांगतं

लालबागच्या चाळीत तिला सगळे नलू म्हणत. कागदोपत्री नलिनी जयवंत घाडीगावकर. वडील जयवंत गिरणीत साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागांवर होते, आई रमाबाई घरातूनच डबे करून द्यायची. ब्याऐंशीच्या जानेवारीत संप सुरू झाला तेव्हा नलू बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती. जयवंत म्हणाला, "चार दिवसांचो खेळ आसा. महिन्याभरात साचे सुरू होतले. तू आपला शिक."

महिना गेला, वर्ष गेलं. संप मिटला असं कुणी कधी सांगितलंच नाही, तो नुसता विरून गेला. काही गिरण्या पुन्हा धडधडल्या, पण जयवंतच्या खात्यातल्या लोकांना गेटवरूनच परत पाठवलं. तरी तो रोज सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून गेटपर्यंत जाऊन यायचा. त्याला कुणी विचारलं की म्हणायचा, "बघून येतंय." काय बघून येतो, हे विचारायची घरात कुणाची छाती नव्हती. गॅलरीत बसला की तो कुणावर ना कुणावर खेकसायचा. नळाला पाणी नाही म्हणून, शेजारचा रेडिओ मोठा म्हणून. नलूने एम.एस्सी. केलं ते या खेकसण्याच्या आवाजात, कानात कापूस घालून.

परळला एक संशोधन संस्था होती. तिथे सत्याऐंशीत तिला साहाय्यकाची जागा मिळाली आणि तीन वर्षांनी तिथेच पीएच.डी.ला नाव घातलं. मार्गदर्शक होते डॉ. दौलत गुप्ते. शिवाजी पार्कला राहणारे, पांढरे बूट घालून सकाळी मैदानाला फेऱ्या मारणारे, बोलण्यात कधी आवाज न चढवणारे गृहस्थ. त्यांचा विषय युबिक्विटिन.

हे युबिक्विटिन म्हणजे एक इवलंसं प्रथिन. पेशीतलं एखादं प्रथिन जुनं झालं, बिघडलं, नको झालं, की त्याच्या अंगाला युबिक्विटिनची माळ चिकटवली जाते. माळ दिसली की पेशीतली मोडतोड करणारी यंत्रणा त्या प्रथिनाचे तुकडे करते. युबिक्विटिन मात्र सोडवून घेते आणि पुन्हा वापरते. त्यामुळे पेशीला त्याचा साठा नेहमी हाताशी लागतो. माणसाच्या पेशीत हा साठा पुरवणारी चार जनुकं असतात. दोन रोजच्या रहाटगाडग्याची. उरलेल्या दोहोंची तऱ्हा निराळी: त्यांच्यात युबिक्विटिनच्या प्रती एकापुढे एक ओवलेल्या असतात, म्हणजे जनुक एकदा वाचलं की एका दमात बरीच युबिक्विटिनं तयार. पेशीला ताप आला, विष भिनलं, प्रथिनं भराभर बिघडू लागली, की ही दोन जनुकं जोरात चालू होतात.

डॉ. गुप्त्यांची कल्पना सरळ होती. पेशीला आपणच वरून युबिक्विटिनचं एक जादा जनुक द्यायचं. साठा वाढेल, मग ती पेशी ताप अधिक सोसेल. नलूचं काम एवढंच, की साठा वाढला हे दाखवायचं.

आणि साठा वाढेना.

जादा जनुक पेशीत जात होतं, यात शंका नव्हती. त्याच्यापासून बनणाऱ्या युबिक्विटिनला नलूने एक छोटी शेपटी जोडली होती, म्हणजे ते ओळखू यावं. शेपटीवालं युबिक्विटिन भरपूर दिसायचं. पण सगळं मिळून मोजलं की आकडा जवळजवळ जिथल्या तिथे. पुन्हा पेशी वाढवा, पुन्हा जनुक घाला, पुन्हा मोजा. पेशी वाढवण्याचं काम गुणवंती बघायची. माहीमच्या कोळीवाड्यातली, नलूच्याच वयाची, तोंडाने फटकळ. ती पेट्री डिशचा गठ्ठा नलूसमोर ठेवायची आणि म्हणायची, "घे तुझी पोरं. आज तरी ऐकतायत का बघ."

पोरं ऐकत नव्हती. गुप्ते सर दर सोमवारी तिचे निकाल चष्मा वर करून बघायचे.

"नलिनी, तुझ्या हाताला सातत्य नाहीये."

"सर, पाचही वेळा तेच आलंय."

"पाच वेळा चूक केली तर ती बरोबर होत नाही. पुन्हा कर."

खालमानेने ती परत यायची. घरी गॅलरीत जयवंत, इथे सर. दोन्हीकडे तिलाच ऐकून घ्यायचं. एकदा घरी जेवताना जयवंतने विचारलं, "अजून ताच करतंस? दोन वर्सा झाली मां?"

"हो, तेच करतेय."

"नक्की काय ता?"

तिने वैतागत, घास तोंडात असतानाच सांगितलं: पेशीला जादा माल देते, पण एकूण माल वाढत नाही.

जयवंत भात कालवत म्हणाला, "मग तेणी आपलो माल कमी केलो असतलो."

"कोणी?"

"पेशीन. भायरसून येता म्हटल्यावर घरात कशाक काढतली? गिरणीवाले तरी दुसरा काय करीत? भिवंडीसून कापड येवक लागला तसे हयचे साचे..."

"बाबा, प्रत्येक गोष्टीत गिरणी आणू नका हो!" ती ओरडलीच. रमाबाई हातातली आमटीची वाटी घेऊन तशीच उभी राहिली. जयवंत हात धुवायला उठला.

खरं सांगायचं तर ही शंका नलूच्या डोक्यातही घोळत होती, नाही असं नाही. पण ती मनात येणं वेगळं आणि दाखवून देणं वेगळं. त्यासाठी पेशीच्या स्वतःच्या जनुकाचा, म्हणजे तापात जोर करणाऱ्या त्या दोहोंपैकी एकाचा, मेसेज वेगळा मोजायला हवा होता. जनुकाची जी नक्कल निघते आणि जिच्यावरून पुढे प्रथिन बनतं, तिला प्रयोगशाळेत मेसेजच म्हणायचे. घरच्या जनुकाच्या मेसेजला एक टोक असं असतं जे तिने घातलेल्या जनुकात नव्हतं. त्या टोकाला चिकटेल असा किरणोत्सारी धागा करायचा आणि एक्स-रे फिल्मवर पट्टा किती गडद उमटतो ते बघायचं; मेसेज जितका जास्त, तितका पट्टा गडद. धाग्यात घालायचा किरणोत्सारी फॉस्फरस मागवला की येईपर्यंत त्याचा अर्धा जोर मेलेला असायचा. एकदा फिल्मच काळी निघाली, एकदा पट्टे वेडेवाकडे आले. चार महिने असे गेले.

शेवटी एका दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, तिने डार्करूममधून फिल्म बाहेर आणली आणि खिडकीशी धरली. साध्या पेशींच्या रांगेत घरच्या जनुकाचा पट्टा ठसठशीत होता. जादा जनुक दिलेल्या पेशींच्या रांगेत तोच पट्टा फिकट, धुवून काढल्यासारखा.

"गुणवंती! अगं इकडे ये!"

गुणवंती डबा तसाच टाकून आली. "काय झालं?"

"बंद करतेय ती. आपलं स्वतःचं बंद करतेय. बाहेरून मिळालं म्हणून."

"म्हणजे तुझा हात चांगला होता."

"हात चांगला होता!" नलू म्हणाली आणि एकदम तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आनंदाचं कमी आणि रागाचं जास्त. दोन वर्षं!

सरांनी फिल्म बराच वेळ पाहिली. मग टेबलावर उलटी ठेवली. "मनोरंजक आहे," ते म्हणाले. "पण आपला दावा काय होता? साठा वाढवून पेशी कणखर होते. हे तर उलटंच झालं. याच्यावर कोण अनुदान देणार? प्रबंधात ताप दिल्यावर जनुक कसं चढतं तेवढं ठेव. ते स्वच्छ आहे. हे प्रकरण काढ."

"सर, पण पेशीला पुरे झालं हे कळतं. कसं कळतं हाच तर खरा प्रश्न आहे ना?"

"प्रश्नांवर पदवी मिळत नाही, नलिनी."

तिने प्रकरण काढलं नाही. त्यावरून सरांनी सही करायला दीड वर्ष लावलं. आज परिषद, उद्या तब्येत, परवा 'वाचतोय'. तिच्यामागून नाव घातलेले दोघे डॉक्टर होऊन अमेरिकेला गेले. रमाबाईने स्थळं आणायचं सोडून दिलं. "हिचा पुस्तकच संपणा नाय," ती शेजारणीला सांगायची. शहाण्णवला एकदाची पदवी मिळाली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमकं तेच प्रकरण उघडलं आणि म्हणाले, हे छापा. सर शेजारीच बसले होते. त्यांनी हसून मान डोलावली.

छापायला पाठवलं तर मासिकाने परत पाठवलं. निरीक्षण बरं आहे, पण यंत्रणा काय? जनुकाचा कुठला भाग हा इशारा ऐकतो? ते दाखवा.

मग नलूने ते दाखवायचा ध्यास घेतला. जनुकाच्या आधी डीएनएचा एक लांब पट्टा असतो, तिथूनच त्याला चालू-बंद करतात असं तेव्हा सगळेच धरून चालत. त्या पट्ट्याचे तुकडे तिने एक एक करून चमकणाऱ्या प्रथिनाच्या जनुकाला जोडले. तुकडा चालू झाला की पेशी चमकणार, बंद झाला की चमक उतरणार. पेशींना उष्णता दिली की चमक झकास चढायची. ताप ओळखणारी जागा तिथेच होती, त्यात वाद नव्हता. पण जादा युबिक्विटिन दिलं की? ढिम्म. चमक तसूभर उतरायची नाही. तिने मोठा तुकडा घेतला, लहान घेतला, मधला वगळून पाहिला. दुसरीकडे तीच पेशी, तेच जादा युबिक्विटिन, आणि घरचं जनुक मात्र दर वेळी मान टाकायचं. म्हणजे कुठेतरी काहीतरी ऐकलं जात होतं, आणि ते नलूच्या कुठल्याच तुकड्यात नव्हतं.

जनुकाच्या अगदी सुरुवातीला, पहिल्या काही अक्षरांनंतर, एक तुकडा असतो. नक्कल निघते तेव्हा तोही तिच्यात येतो, पण मेसेज पक्का होताना तो कापून फेकला जातो. प्रथिनात त्याचं काहीच उरत नाही. नलूची कात्री, म्हणजे डीएनए कापणारं विकर, या तुकड्याच्या अलीकडे सोयीच्या जागी चालायचं. तिथेच ती दर वेळी कापायची. कापून फेकायच्याच गोष्टीत काय असणार, असं तिलाही वाटलं होतं. सरांना तर वाटलंच होतं.

अशी चार वर्षं गेली.

दोन हजार सालच्या अनंत चतुर्दशीला सकाळी शेजारच्यांच्या फोनवर गुणवंतीचा फोन आला. ती घाबरलेली होती. "नलू, नायट्रोजनची गाडी गेल्या आठवड्यात आली नव्हती, ठाऊक आहे ना? कालची पण रस्ता बंद म्हणून परत गेली. मला आत्ता कळलं. मी माहीमवरून कशी येऊ? तू जा."

नलूच्या सगळ्या पेशी द्रव नायट्रोजनच्या डब्यात गोठवून ठेवलेल्या होत्या. जादा जनुक कायमचं मुरवलेल्या, एक एक करून निवडलेल्या. नायट्रोजन उडून गेला की त्या वितळणार, आणि वितळल्या की मेल्या. डबा जुना होता, नायट्रोजन फार दिवस धरत नव्हता, हे वरपर्यंत लिहून कळवलेलं होतं.

लालबाग ते परळ म्हणजे एरवी चालत हाकेचं अंतर. पण त्या दिवशी सगळा रस्ता गिरगावच्या दिशेने निघालेला. गणपतीच्या गाड्या, ताशे, गुलाल, आणि नलू उलट्या दिशेला. कुणी म्हणालं, "ओ ताई, चौपाटी तिकडे!" कुणाची कोपरं लागली, चप्पल तुटली. तिने ती हातात घेतली. संस्थेच्या फाटकाशी पोचली तेव्हा केसांत, कानांत गुलाल होता. पहारेकरी धोंडूने कुलूप उघडून दिलं आणि मागोमाग आला.

तिने डब्याचं झाकण काढलं. एरवी पांढरी वाफ भसकन वर यायची. काही आलं नाही.

"मॅडम, रिकामा हाय काय?" धोंडूने विचारलं.

तिने पट्टी आत घालून पाहिली. कोरडी निघाली. एक कुपी उचलली, आतलं पाणी हललं. ती डब्याशेजारी जमिनीवरच बसली. बाहेर ताशा वाजत होता आणि खिडकीच्या काचा थरथरत होत्या. रडू येईल असं तिला वाटलं, पण आलं नाही. नुसता संताप. आणि तो काढायचा कुणावर? गाडीवाल्यावर? गणपतीवर? धोंडू बिचारा पाणी घेऊन आला.

त्यानंतर त्या कामाला अनुदान मिळालं नाही. दोन वर्षांनी सर निवृत्त झाले, त्यांची खोली कर्करोगाच्या तपासण्या करणाऱ्या विभागाला गेली आणि नलूही त्याच विभागात बसली. रुग्णांचे नमुने यायचे, अहवाल जायचे. काम चांगलं होतं, गरजेचं होतं, ती ते मन लावून करायची. जयवंत गेला त्या वर्षी त्याची गिरणी पाडत होते. शेवटच्या आजारपणात तो एकदा म्हणाला, "तुझा ता माल कमी करूचा... गावला काय गो?"

"नाही बाबा, नाही गावलं."

"गावतला," तो म्हणाला. याच सुरात तो साच्यांबद्दल बोलायचा. नलूला त्याची चीडही आली आणि त्याचा हात सोडवेनाही.

गावलं ते पुष्कळ वर्षांनी, आणि दुसऱ्या कुणाला. एका दुपारी संगणकावर दुसरंच काही शोधताना युरोपातल्या एका प्रयोगशाळेचं काम तिच्या समोर आलं. जादा युबिक्विटिन दिलं की पेशी आपलं जनुक उतरवते, हे त्यांनी नीट दाखवलं होतं. आणि कुठून, तेही. सुरुवातीच्या त्याच कापून फेकायच्या तुकड्यातून! एक प्रथिन त्या तुकड्यावर बसतं तोवर जनुक जोमात चालतं. युबिक्विटिन उतू जाऊ लागलं की ती बैठक सुटते, मेसेजची कापाकापीही रखडते आणि माल घटतो. नलूने ते दोनदा वाचलं. मग खुर्ची मागे सारून ती उठली आणि प्रयोगशाळेच्या लांब बोळातून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राहिली. जिथे कात्री मारायची, त्याच्या पुढच्याच पावलावर होतं.

रविवारी ती शिवाजी पार्कला सरांकडे गेली. कशासाठी, ते तिलाही नक्की सांगता आलं नसतं. सर आता काठी घेऊन चालत होते. तिला पाहून त्यांना मनापासून आनंद झाला. तिने सगळं सांगितलं. सर टाळी वाजवत म्हणाले, "म्हणजे आपल्या प्रयोगशाळेने हे पंचवीस वर्षं आधी पाहिलं होतं! मी तेव्हाही म्हणत होतो, पेशीला पुरे कळतं."

नलू म्हणाली, "सर, तुम्ही ते प्रकरण काढायला सांगितलं होतंत."

"मी?"

"हो. दीड वर्ष सही केली नव्हती."

ते खोटं बोलत नव्हते, हेच वाईट होतं. चेहऱ्यावर खराखुरा गोंधळ होता. शेवटी म्हणाले, "मग तू काढलं नाहीस ना? बरं केलंस." आणि आतल्या खोलीकडे वळून, "अगं, नलिनीला कॉफी कर!"

कॉफी न पिता निघणं तिला जमलं नाही. ती प्यायली, पाया पडली आणि तिथून तडक माहीमला गुणवंतीकडे गेली. गुणवंती मुदतीआधीच निवृत्त होऊन आता भावाच्या घरी होती, ओट्याशी बोंबील साफ करत होती.

"विसरलाय तो! साफ विसरलाय. मी भांडायला गेले आणि भांडायला माणूसच नाही."

"बस आधी," गुणवंती म्हणाली. "राग सरांचा आलाय की त्या युरोपवाल्यांचा?"

"माझाच. मी त्या तुकड्याला कचरा म्हटलं. कुणी सांगितलं नव्हतं मला तसं म्हणायला."

"सगळेच म्हणत होते."

"म्हणून तर जास्त राग."

गुणवंतीने समजूत काढायचा प्रयत्न केला नाही. तिने बोंबलांना मीठ लावलं आणि जेवायला थांबवून घेतलं.

निवृत्तीला वर्षभर उरलं असताना नलूने एक गोष्ट केली. आता डीएनएचा हवा तो तुकडा बाहेरून बनवून मिळतो, कात्रीची कटकट राहिलेली नाही. तिने तो जुना पट्टा चमकणाऱ्या प्रथिनाच्या जनुकाला जोडून मागवला, यावेळी पुढच्या तुकड्यासकट. विभागातल्या शांती तरे नावाच्या तरुण शास्त्रज्ञाकडून थोड्या पेशी मागून घेतल्या, कामाच्या फटीफटीत जनुक घातलं, जादा युबिक्विटिन दिलं आणि चमक मोजणाऱ्या यंत्रात लावलं. आकडा उतरला. तिने शेजारी तुकड्याविना जुना पट्टाही लावला होता. तो पूर्वीसारखाच ढिम्म.

शांती मागे येऊन उभी राहिली होती. "मॅडम, हे तर छापून आलंय ना?"

"आलंय."

"मग आपण कशासाठी केलं?"

"बघायचं होतं मला."

शांतीला पुढे विचारायचं होतं बहुतेक, पण यंत्रासाठी रुग्णांच्या नमुन्यांची रांग लागली होती. नलूने आपली पेशींची प्लेट काढली. इतक्या वर्षांनी आकडा उतरताना पाहिला की काहीतरी मोकळं होईल असं तिला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. "पहिल्याच झटक्यात उतरला मेला," ती स्वतःशीच पुटपुटली, प्लेट कचऱ्याच्या लाल पिशवीत टाकली आणि शांतीला म्हणाली, "लाव तुझे नमुने. आधीच उशीर झालाय."